हातात खेळणारा साप निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एक कॉर्न स्नेक राहते. तिचं नाव केशर. तिला बघायला येणारा प्रत्येक जण साधारण हेच प्रश्न विचारतो, म्हणून ते उत्तरांसह इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. पहिल्यांदाच साप घरी आणायचा विचार करणाऱ्यांनी चार आणि पाच क्रमांकाचे प्रश्न तरी नक्की वाचावेत.

१. नुसता वेटोळं घालून पडून राहणारा साप नकोय. थोडा हालचाल करणारा, हातात घेता येईल असा कुठला घेऊ?

कॉर्न स्नेक. दहापैकी नऊ जणांना मी हेच सांगते. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप साडेतीन ते पाच फूट वाढतो आणि पूर्ण वाढला तरी अंगठ्यापेक्षा थोडाच जाड असतो. संध्याकाळी दिवे लागले की बाहेर येतो, पेटीतल्या फांदीवर चढतो, काचेला नाक लावून फिरतो. हातात घेतला की सरकत राहतो, पण पळ काढत नाही. खाण्याची कुरकुर फारच कमी. आयुष्य मात्र पंधरा ते वीस वर्षांचं, कधी त्याहून जास्त. आज दहावीत असलेल्या मुलाने आणला, तर त्याच्या लग्नापर्यंत तो साप घरात असेल हे धरून चाला.

२. चपळही हवा आणि शांतही हवा, असं एकत्र मिळतं का?

निवड चुकते ती बहुतेक इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सापांच्या शिकारीच्या ढोबळमानाने दोन तऱ्हा आहेत. काही साप दबा धरून बसतात. अजगराच्या कुळातले साप आणि बोआ हे त्यातले. भक्ष्य जवळून जाईपर्यंत दिवसेंदिवस एका जागी राहणं हाच त्यांचा स्वभाव. हातातही ते तसेच बसून राहतात आणि लोक म्हणतात, किती शांत आहे. दुसऱ्या तऱ्हेचे साप भक्ष्य शोधत हिंडतात. आपली धामण तशी, कॉर्न स्नेक तसा, किंगस्नेक तसा. हे हातात थांबत नाहीत. एका हातातून दुसऱ्या हातात, तिथून कोपरावर, तिथून खांद्यावर, असा त्यांचा प्रवास चालू असतो.

म्हणजे चपळ साप 'बसून' राहणार नाही. त्याच्याकडून अपेक्षा करायची ती एवढीच, की तो घाबरलेला नसावा. घाबरून सुसाट निघालेला साप आणि कुतूहलाने सरकणारा साप यांत फरक आहे, आणि तो महिनाभरात डोळ्यांना कळायला लागतो. कुतूहल असेल तर जीभ सावकाश, लांब बाहेर येऊन वरखाली होते आणि अंग सैल असतं. भीती असेल तर अंग ताठतं, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे खेचली जाते, कधीकधी शेपटीचं टोक थरथरतं. कॉर्न स्नेकची शेपटी कागदावर थरथरली तर चक्क खुळखुळ्यासारखा आवाज येतो.

टीव्ही बघताना मांडीवर स्वस्थ बसणारा साप हवा असेल, तर दबा धरणाऱ्या कुळातला बघा. त्याच्याबरोबर काहीतरी 'करायचं' असेल, तर हिंडणारा घ्या.

३. बॉल पायथन सगळीकडे दिसतो. तो का नको?

नको असं नाही. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा अजगर तीन ते पाच फुटांचा, गुबगुबीत, चावण्यापेक्षा चेंडूसारखं गुंडाळून घेऊन डोकं मध्ये लपवणारा. भित्र्या माणसाला तो सोपा जातो. पण तुम्ही चपळ साप मागताय आणि हा दिवसाचे बहुतेक तास लपणीत असतो. शिवाय खाणं सोडलं की महिनोन्‌महिने सोडतो. साप निरोगी असतो, पण नवख्या माणसाची झोप उडते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. 'स्पायडर' नावाच्या रंगप्रकाराचा बॉल पायथन घेऊ नका. ते नक्षीदार रूप देणाऱ्या जनुकाबरोबरच मज्जासंस्थेचा दोष येतो. मान डुगडुगते, डोकं उलटं फिरतं, काहींना भक्ष्यावर नेमका झेपही घेता येत नाही. तसल्या पैदाशीला आपण पैसे देऊ नयेत.

४. मग इथलीच धामण किंवा तस्कर का पाळू नये? ते तर फुकट मिळतील.

कारण तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडचे साप पकडणं, बाळगणं, विकणं यांना बंदी आहे. धामण, तस्कर, दिवड, नानेटी, कवड्या, मांडूळ, अजगर, सगळे त्यात आले. बिनविषारी आहे किंवा आमच्याच अंगणात सापडला, हे कारण चालत नाही.

मांडुळाबद्दल वेगळं सांगायला हवं. 'दोन तोंडांचा साप', गुप्तधन दाखवतो, अमुक वजनाचा असला की लाखो रुपये मिळतात, या थापांपायी महाराष्ट्रात किती मांडुळं पकडली जातात, वजन भरावं म्हणून त्यांचे किती हाल केले जातात, ते वाचूनही जिवाला लागतं. त्याचं दुसरं 'तोंड' म्हणजे आखूड, बोथट शेपटी. कुणी मांडूळ 'पाळायला' देऊ केलं तर घेऊ नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

सर्पमित्रांकडेही पाळायला साप मागू नका. त्यांचं काम साप सुखरूप पकडून निसर्गात सोडण्याचं. इथले साप जवळून बघायचे असतील तर कात्रजचं सर्पोद्यान आहे. ते उभं करण्यात ज्यांचा पुढाकार होता त्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. साप डिवचल्याशिवाय चावत नाही हे लोकांना पटवण्यासाठी केलेला तो प्रयोग पुण्यातली जुनी माणसं अजून सांगतात.

५. परदेशी साप पाळायला परवानगी लागते का?

हे जातीवर अवलंबून आहे. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत असलेल्या परदेशी प्राण्यांसाठी तिच्यात चौथी अनुसूची आली. त्यांची नोंदणी कशी करायची याचे नियम २०२४ मध्ये निघाले आणि ती 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर होते. बॉल पायथन, सर्व बोआ, केनियन सॅंड बोआ हे त्या याद्यांत आहेत, म्हणजे त्यांची नोंदणी हवीच. पिल्लं झाली, साप दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी ते कळवावं लागतं.

कॉर्न स्नेक, कॅलिफोर्निया किंगस्नेक आणि हॉगनोज सायटिसच्या याद्यांत नाहीत. तरीही मी त्यांची कागदपत्रं मागतेच. इथेच जन्मलेलं पिल्लू आहे का, आई-बाप कुठून आणले, बिल कोणाच्या नावाने आहे, हे लेखी घ्या. परदेशातून प्राणी आणायला आयात परवाना लागतो आणि चोरट्या वाटेने आलेले साप बाजारात असतात. दुकानातून घेत असाल, तर २०१८ च्या नियमांप्रमाणे त्या दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, ते विचारा. नियम बदलत राहतात, त्यामुळे पैसे देण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात एकदा विचारून या. 'कागदाचं नंतर बघू' म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, साप कितीही देखणा असला तरी.

६. किंगस्नेक, हॉगनोज, मिल्क स्नेक यांचं काय?

चपळपणात किंगस्नेक कॉर्नच्याही पुढे. सतत काही ना काही चालू असतं. पण तो कमालीचा खादाड. बोटाला उंदराचा वास आला तर बोटालाच भक्ष्य समजतो आणि चावून लगेच सोडत नाही, चघळत बसतो. शिवाय हा दुसरे साप खातो, रॅटलस्नेकसुद्धा. त्याच्याबरोबर दुसरा साप कधीच ठेवायचा नाही. दुसरा साप म्हणून छान, पहिला म्हणून जरा थांबा.

हॉगनोज माझा लाडका. छोटा, वर वळलेल्या नाकाचा आणि दिवसा जागा असणारा. घाबरला की मान पसरून नागासारखा फुत्कारतो. तेवढ्याने भागलं नाही, तर उताणा पडून मेल्याचं सोंग करतो. पण त्याच्या जबड्यात मागच्या बाजूला मोठे दात आणि सौम्य विष असतं. माणसाच्या जिवाला धोका नाही, तरी धरून चावत राहिला तर हात सुजतो. लहान मुलांच्या घरात मी सुचवणार नाही.

मिल्क स्नेक दिसायला सुंदर, पण सहसा लपून बसतो आणि पिल्लं हातात फार वळवळतात.

७. पिल्लू घ्यावं की वाढलेला साप?

लोकांना पिल्लू हवं असतं. मी वर्षा-दोन वर्षांचा घ्या म्हणते. कॉर्नचं पिल्लू चपलेच्या नाडीएवढं असतं, त्याच्या लेखी आपण सगळे शिकारी. दीड वर्षाच्या सापाचा स्वभाव समोर दिसतो, तो खातो की नाही हे कळलेलं असतं आणि हाताची सवयही थोडीफार झालेली असते.

८. घेताना नेमकं काय बघायचं?

घाई करू नका. दोनदा जा, शक्यतो संध्याकाळी. पहिल्या भेटीत हात न लावता फक्त बघा. डोळे स्वच्छ आहेत का? तोंड नीट मिटलेलं आहे का, की कडेला फेस आहे? पाठीचा कणा पत्र्याच्या घडीसारखा वर आलाय का? साप उलटा धरून पोटाचे खवले दाखवायला सांगा. तिथे लालसर-तपकिरी डाग किंवा फोड असतील तर पेटी ओली ठेवली जाते. डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखाली मिरपुडीसारखे काळे ठिपके म्हणजे बारीक किडे. पांढरा टिश्यू अंगावरून हलकेच फिरवला तर ते त्यावर येतात.

'किती शांत आहे' या वाक्यापासून सावध राहा. गारठलेला सापही शांतच असतो. डिसेंबरात एसी लावलेल्या खोलीत कुठलाही साप गरीब गायीसारखा वागतो. उबेत असताना हातात घ्या. जीभ बाहेर येतेय का, अंगात पकड जाणवतेय का, ते बघा. निरोगी साप बोटांभोवती स्वतःहून धरून राहतो, ओल्या दोरीसारखा लोंबत नाही.

शेवटच्या चार जेवणांच्या तारखा विचारा. जमलं तर तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा.

९. हाताची सवय कशी लावायची?

आणल्यावर आठ-दहा दिवस अजिबात हात लावायचा नाही. पाणी बदलायचं, बाकी काही नाही. दोनदा नीट खाल्लं की सुरुवात करायची. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग पंधरा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, घार तशीच येते. पेटी उघडली की कागदाच्या गुंडाळीने किंवा हुकने अंगाला हलकेच स्पर्श करा. आता जेवण नाही, हात येतोय, हे त्याला तेवढ्यावरून कळतं. मग बाजूने हात घालून मधल्या भागाला खालून आधार द्या. डोकं धरायचं नाही, शेपटीने उचलायचं नाही.

केशर हातात असते तेव्हा मी फक्त रस्ता बनते. ती मनगटावरून पुढे निघते, मी दुसरा हात समोर धरते. पोटाचे रुंद खवले त्वचेवर एकामागोमाग टेकत जातात. कोरडे, गुळगुळीत, मोत्यांची माळ हातातून ओढल्यासारखे. बोटांच्या बेचकीत आली की थांबते, जीभ काढते, हवा चाखते आणि वाट ठरवते. तिला अडवलं नाही तर पंधरा मिनिटांत तिचा वेग आपोआप उतरतो.

जेवणानंतर अठ्ठेचाळीस तास हात लावू नका, नाहीतर खाल्लेलं उलटून टाकेल. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ-निळसर होतात, तेव्हाही नको. नीट दिसत नसतं, म्हणून बिचकतो.

१०. चावला तर?

कॉर्न स्नेक चावला तर टाचणी टोचल्यासारख्या बारीक ठिपक्यांची रांग उठते. हात झटकू नका, त्याचे दात मोडतात. साबणाने धुवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनला बरीच वर्षं झाली असतील तर घेऊन टाका. केशर नऊ वर्षांत दोनदा चावली आणि दोन्ही वेळा माझ्या हाताला उंदराचा वास होता.

११. घर शाकाहारी आहे. भाजी-पोळीवर जगेल का? अंडं चालेल?

नाही. कॉर्न स्नेकला उंदीरच लागतो, अख्खा. हे ज्या घरात जमणार नाही, त्या घराने साप पाळू नये. इथे मधला मार्ग नाही.

आमच्या घरीही फ्रिजवरून मोठा वाद झाला होता. आईचं म्हणणं सरळ होतं, ज्या फ्रिजमध्ये देवाच्या नैवेद्याचं दूध आहे त्यात मेलेले उंदीर येणार नाहीत. ते मला पटलं. बाल्कनीत छोटा वेगळा फ्रीझर आला, वितळवायचं भांडं वेगळं, चिमटा वेगळा, आणि ते काम मी एकटीच करते. तेव्हा केशरच्या खोलीत पाऊल न टाकणारी आई आता मला आधी सांगते, "अगं, हिचे डोळे दुधाळ झालेत, आज काढू नकोस."

गोठवलेले उंदीर पैदास करणाऱ्यांकडे मिळतात. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवायचे, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचे. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा असावा. पिल्लाला पाच-सात दिवसांनी, मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी. जिवंत उंदीर सोडू नका, तो सापाला चावतो. घरात पिंजऱ्यात सापडलेला तर मुळीच नको, त्याच्या पोटात कुणाचं तरी उंदराचं औषध असू शकतं.

१२. पेटी केवढी हवी? निसटला तर?

मोठ्या कॉर्नसाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद. चपळ साप छोट्या डब्यात ठेवला तर तो चपळ राहत नाही. दोन लपण्या, एक उबेच्या बाजूला आणि एक गार बाजूला, चढायला फांदी आणि अंग बुडेल एवढं पाण्याचं भांडं.

झाकणाला कडी हवीच. माझ्याकडून एकदा ती लावायची राहिली आणि केशर चार दिवस गायब होती. सगळं घर उपसलं, शेजाऱ्यांना सांगितलं, झोप नाही. पाचव्या दिवशी पहाटे ती फ्रिजमागे, कॉम्प्रेसरच्या उबेला सापडली. तेव्हापासून रात्री झोपायच्या आधी कडीला हात लावून बघते. तुमचा निसटला तर दाराखालच्या फटी बंद करा आणि ऊब कुठे आहे ते आधी शोधा. शेजाऱ्यांपासून लपवू नका. त्यांना आधीपासून फोटो दाखवलेला असला, तर कुणी घाबरून काठी उचलत नाही.

१३. पुण्याची हवा मानवते का?

बऱ्यापैकी, पण तीनही ऋतूंत वेगळी काळजी. पेटीची उबेची बाजू ३० अंशांच्या आसपास आणि गार बाजू २३-२५ हवी. उबेची चटई थर्मोस्टॅटशिवाय वापरू नका, पोट भाजतं.

मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चटई बंदच करावी लागते. खोली ३५ च्या पुढे गेली की धोका, तेव्हा पेटी खाली जमिनीवर आणि ओला टॉवेल जाळीच्या एका कडेला. पावसाळ्यात उलट. पेटी दमट झाली की पोटाच्या खवल्यांना संसर्ग होतो. मी जूनपासून कोकोपीट काढून साधा कागद अंथरते आणि रोज बदलते. थंडीत हवा कोरडी, कात तुकड्यातुकड्यांनी निघते. ओलसर शेवाळ घातलेला एक झाकणाचा डबा ठेवला की अख्खी निघते, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांच्या चकत्यांसकट. त्या निघाल्या की नाही हे कात उजेडात धरून बघा.

दुरुस्तीसाठी वीज गेली तर दोन-तीन तासांनी काही होत नाही. जानेवारीच्या रात्री गेली, तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा, आणि त्या आठवड्यात खाऊ घालू नका. गारठ्यात त्याला पचत नाही.

१४. गणपतीत ढोल-ताशांचा त्रास होतो का?

होतो. सापाला बाहेरचा कान नसला, तरी जमिनीतून येणारा हादरा त्याला जबड्यातून आणि अंगातून कळतो. आमच्या गल्लीतून मिरवणूक जाते तेव्हा मी पेटीखाली जाड फोम घालते, ती भिंतीपासून हलवते आणि विसर्जनाच्या आदल्या दोन दिवसांत जेवण देत नाही. दिवाळीतही तेच.

१५. त्याला लळा लागतो का? तो मला ओळखतो का?

कुत्र्यासारखा नाही. तुमचा वास आणि तुमची पद्धत त्याच्या सवयीची होते, परक्या हातात तो जास्त ताठरतो. एवढंच मी खात्रीने सांगू शकते. मला ते पुरतं. ज्यांना पुरणार नाही त्यांनी मांजर आणावं.

१६. लहान मुलांना हातात देऊ का?

पाचच्या आतल्यांना नाही. त्यापुढे मोठ्या माणसाने शेजारी बसून, मुलाने जमिनीवर मांडी घालून. नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

१७. नागपंचमीला दूध द्यायचं का?

नाही. साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही. स्वच्छ पाणी द्या.

१८. पुढे सांभाळता आला नाही, तर टेकडीवर सोडून दिला तर चालेल?

कधीच नाही. वेताळ टेकडी असो की तळजाई, परदेशी साप तिथे एकतर हाल होऊन मरेल किंवा इथल्या सापांना रोग देईल. जिवंत राहिला, तर इथल्या पाखरांची अंडी-पिल्लं खाईल.

शिक्षण, बदली, लग्न, ही कारणं खरी असतात. ती आधीच धरून एक वही ठेवा. जेवणाच्या तारखा, कातेच्या तारखा, वजन, डॉक्टरांनी दिलेलं औषध, बिल आणि नोंदणीची प्रत. नवीन माणसाकडे साप जाताना ती वही बरोबर जाऊ दे, आणि यादीतला प्राणी असेल तर 'परिवेश'वर बदल नोंदवा. मी केशरच्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्यानंतर ती कोणाकडे जायची ते नाव लिहिलं आहे. त्या व्यक्तीला विचारून.